चोवीस बिग ब्लाइंड असताना जे केलं नाही, ते नऊ उरल्यावर भोवलं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चार वर्षं मित्रांबरोबर घरी पोकर खेळता. गेल्या वर्षभरात पणजीला जाऊन तीन स्पर्धा खेळलात. तिन्ही वेळा सुरुवात बरी झाली, मधल्या टप्प्यात स्टॅक, म्हणजे समोरच्या चिप्सचा ढीग, २४ बिग ब्लाइंडच्या आसपास होता (बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी एकाने सक्तीने घालायची रक्कम, पुढे बीबी म्हणतो), मग 'पत्तेच आले नाहीत', स्टॅक नऊ-दहावर उतरला, तुम्ही ऑल-इन गेलात (सगळ्या चिप्स एकदम लावल्यात) आणि बक्षिसाच्या यादीला तीन-चार माणसं उरली असताना बाहेर पडलात. शेवटच्या स्पर्धेत बटणावर (डीलरच्या जागेवर) ९ बीबी घेऊन एक्का-नव्वीने ऑल-इन केलंत, बिग ब्लाइंडवरच्या मोठ्या स्टॅकने राजा-गुलामावर कॉल केला (तेवढ्याच चिप्स घातल्या) आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या सामाईक पानाला, राजा पडला. तुम्ही विचारता की शॉर्ट (कमी चिप्सचा) स्टॅक खेळायचा तरी कसा, आणि त्या एक्का-नव्वीत चूक झाली का.

त्या हाताबद्दल शेवटी सांगतो. पण तुमच्या जागी मी असतो तर वेगळा प्रश्न विचारला असता: २४चे ९ झाले कसे? तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलं आहे, 'मधली दोन लेव्हल शिस्तीने खेळलो, एकच हात खेळला.' माझ्या मते तुमचं सगळं दुखणं त्या वाक्यात आहे. तुम्ही ज्याला शॉर्ट स्टॅकचा प्रश्न म्हणताय तो मुळात मीडियम स्टॅकचा प्रश्न आहे.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्यामुळे मी काय गृहीत धरतोय ते सांगतो. लेव्हल (ब्लाइंड वाढण्याआधीचा टप्पा) ३० मिनिटांची, टेबल नऊ जणांचं, अँटी (ब्लाइंडखेरीज दर हाताला जाणारी सक्तीची रक्कम) एकटा बिग ब्लाइंडवाला सगळ्यांच्या वतीने भरतो, पुन्हा प्रवेश घेण्याची मुदत संपलेली आहे आणि बक्षिसं नेहमीसारखी वर चढत जाणारी. लेव्हल १५ मिनिटांची असेल तर खाली लिहिलेलं सगळं अधिक घाईने करावं लागतं, तासाभराची असेल तर श्वास घ्यायला जागा मिळते. लास वेगासच्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'च्या मुख्य स्पर्धेत ६०,००० चिप्स आणि दोन-दोन तासांची लेव्हल असतात. तिथे संयमाने बसलेल्या माणसाचा व्हिडिओ बघून आपण पणजीत तसंच बसलो, तर ते अंगाशी येतं.

आता हिशेब करू. ब्लाइंड १,०००/२,००० (स्मॉल ब्लाइंड/बिग ब्लाइंड) आणि अँटी २,००० आहेत असं धरा. टेबलाभोवती एक फेरी झाली की तुमच्या खिशातून ५,००० गेले, म्हणजे अडीच बीबी. लाइव्ह टेबलावर तासाला २५ ते ३० हात होतात, तेव्हा अर्ध्या तासात साधारण दीड फेरी होते. तुमच्याकडे ४८,००० होते, म्हणजे २४ बीबी. काही न खेळता लेव्हल संपली की ४०,५०० उरले. पुढची लेव्हल १,५००/२,५००, अँटी २,५००. आता हेच ४०,५०० म्हणजे १६ बीबी. आणखी दीड फेरी बसून काढली की उरतात साधारण ३०,७५०, आणि पुढच्या लेव्हलला, १,५००/३,०००ला, ते जेमतेम १० बीबी होतात. एकही हात न हरता तुम्ही २४वरून १०वर आलात. कुणी तुमचं काही घेतलं नाही, घड्याळाने घेतलं.

यावर नेहमीचं उत्तर असतं की चांगले पत्ते आले असते तर खेळलोच असतो. तर तेही मोजू. दश्शीपासून वरच्या जोड्या आणि एक्का-राजा, एवढेच हात 'चांगले' धरले तर १,३२६ शक्यतांपैकी ४६ तुमच्या उपयोगाच्या, म्हणजे २९ हातांत एकदा. दोन लेव्हलमध्ये तुम्हाला मिळणार २७ हात. त्यात असा एकही हात न येण्याची शक्यता ३८ टक्के आहे. दहातल्या जवळजवळ चार वेळा पत्ते 'येत नाहीतच'. याला दुर्दैव म्हणता येत नाही, हा नेहमीचाच दिवस झाला. आणि आला तरी त्या हाताला सगळे फोल्ड झाले (पत्ते टाकून दिले) तर मिळणार काय? अडीच बीबी, म्हणजे एका फेरीचा खर्च.

बॅकगॅमनचे विख्यात खेळाडू आणि गणित शिकवणारे पॉल मॅग्रिएल यांनी यासाठी एक सोपं माप दिलं आहे, त्याला खेळाडू 'एम' म्हणतात. आपल्या स्टॅकला एका फेरीच्या खर्चाने भागा. जे उत्तर येईल तितक्या फेऱ्या तुम्ही एकही हात न खेळता जगू शकता. २४ बीबीला ते साडेनऊच्या आसपास येतं, १० बीबीला ४. मी टेबलावर बीबीतच विचार करतो, पण लेव्हल बदलली की एकदा हा भागाकार करतो. त्याने घाई किती आहे ते कळतं.

वाट पाहण्यात चिप्सखेरीज आणखी एक गोष्ट जाते, आणि मला ती चिप्सपेक्षा मोलाची वाटते: समोरच्याला फोल्ड करायला लावण्याची ताकद. तुम्ही बटणावरून ऑल-इन केलं आणि बिग ब्लाइंड विचार करतोय असं समजा. तुमच्याकडे १५ बीबी असतील तर कॉल करायला त्याला ४४ टक्के जिंकण्याची शक्यता हवी. १० बीबीला ४२ टक्के. ६ बीबीला ३७. आणि ४ बीबी असतील तर त्याला ६,००० घालून १९,०००चा पॉट (मधे जमलेला ढीग) मिळतो, म्हणजे ३२ टक्के पुरतात. सत्ती-दुर्री घेऊन एक्का-राजासमोर उभं राहिलं तरी जवळपास तेवढी शक्यता असते. थोडक्यात, ४ बीबीला तुमचं ऑल-इन कुणाला घाबरवत नाही. त्यानंतर पत्ते उघडून जे होईल ते बघायचं.

तिथून वर येणं किती कठीण आहे तेही बघा. ५चे १० आणि १०चे २० व्हायला दोनदा जिंकावं लागतं. दोन्ही वेळा तुम्ही ५५ टक्क्यांनी पुढे असलात तरी दोन्ही जिंकण्याची शक्यता ३० टक्केच. इतकं करून तुम्ही पोचणार कुठे, तर तासाभरापूर्वी जिथे होतात त्याच्याही जरा खाली.

मग २४ बीबी असताना करायचं काय? वेडेपणा करा असं मी म्हणत नाही. एका फेरीत एकदा, कुणी आधी पैसे घातले नसताना, मधला पॉट उचलायचा. एवढं जमलं तरी तुमचा स्टॅक जागच्या जागी राहतो. रेझ (बोली वाढवणं) मोठं लागत नाही, २ ते २.२ बीबी पुरतं. घरच्या खेळात तीन-चार पट रेझ करायची सवय लागते, ती इथे महाग पडते. २४ बीबीत चार घालून फोल्ड करावं लागलं तर सहावा हिस्सा गेला. कटऑफ (बटणाच्या आधीची जागा), बटण आणि स्मॉल ब्लाइंड या तीन जागा तुमच्या पोटापाण्याच्या आहेत. तुम्ही लिहिलंय की बटणावर गुलाम-दश्शी एकाच रंगाचे सोडून दिले, कारण पुढे मोठा स्टॅक बसला होता. माझ्या मते तो हात २.२ बीबीला उघडायला (पहिलं रेझ करायला) हवा होता. मोठा स्टॅक कॉल करेल हे खरं. पण पोझिशन तुमची आहे, म्हणजे तुम्ही त्याच्यानंतर बोलता, आणि तो हात फ्लॉपनंतर (पहिली तीन सामाईक पानं उघडल्यावर) खेळायला चांगला आहे.

मोठ्या स्टॅकपेक्षा मला भीती वाटते ती डाव्या हाताला बसलेल्या १२ ते १८ बीबीवाल्यांची. ते कॉल करत नाहीत, अंगावर ऑल-इन टाकतात. तुम्ही राजा-दश्शी वेगवेगळ्या रंगांचे उघडलेत, १४ बीबीवाल्याने बिग ब्लाइंडमधून सगळं पुढे सरकवलं, तर कॉलला ३९ टक्के लागतात आणि त्याच्या हातांसमोर बहुधा तुमच्याकडे तेवढे नसतात. म्हणून रेझ करण्याआधीच ठरवा की अमुक माणूस ऑल-इन गेला तर मी काय करणार. उत्तर ठरत नसेल आणि असे दोन-तीन स्टॅक मागे बसलेले असतील, तर राजा-दश्शी सोडा. तिथे एक्क्याचे हात आणि मधल्या जोड्या बऱ्या.

दुसरं हत्यार आहे ते १५ ते २० बीबीचं, आणि घरी खेळणारे नेमकं हेच वापरत नाहीत. दुसऱ्याने रेझ केल्यावर त्याच्या अंगावर ऑल-इन जायचं. उदाहरण घेऊ. ब्लाइंड तेच, १,०००/२,०००. कटऑफवरच्या माणसाने ४,४००ला उघडलं, तो जागा मिळेल तिथे उघडतोय हे तुम्ही तासभर पाहिलंय. तुम्ही बिग ब्लाइंडवर आहात, अँटी भरून १८ बीबी, म्हणजे ३६,००० तुमच्याकडे, त्यातले २,००० ब्लाइंड म्हणून आधीच पुढे आहेत. हातात एक्का-पंजी एकाच रंगाचे. मधे ९,४०० पडलेत. तुम्ही ऑल-इन गेलात तर त्याला ४२ टक्के लागतात. तो शंभरातले ३५ हात उघडत असेल आणि त्यातल्या फक्त १२ हातांना कॉल करत असेल, तर तीनातल्या दोन वेळा तो फोल्ड करेल आणि ९,४०० तुमचे. तिसऱ्या वेळी तो कॉल करेल, तुम्ही मागे असाल, पण तेव्हाही साधारण एक तृतीयांश वेळा जिंकाल. ७५,०००च्या पॉटचा तिसरा हिस्सा २५,०००, तुम्ही घातले ३४,०००, म्हणजे सरासरी ९,०००चा तोटा. सगळं मिळून दर वेळी सुमारे ३,२००चा फायदा, दीड बीबीहून जास्त. पत्त्यांना यात दुय्यम महत्त्व आहे. खरी मेहनत त्या माणसाकडे तासभर लक्ष ठेवण्यात आहे.

आणि हे गणित ज्याच्यावर टेकलंय तो माणूस बदलला की सगळं कोसळतं. पहिल्या जागेवरून तीन तासांत पहिल्यांदा रेझ करणाऱ्या काकांच्या अंगावर एक्का-पंजी घेऊन जाऊ नका. ते १२ टक्के उघडतात आणि त्यातले बहुतेक कॉल करतात. तिथे दश्शीची जोडीसुद्धा विचार करून.

या टप्प्यावर टाळायची एक गोष्ट म्हणजे नुसता कॉल. 'छोटी जोडी आहे, तिसरं पान लागलं तर मोठा पॉट मिळेल' या आशेने २.२ बीबी घालायचे. तिसरं पान फ्लॉपला साडेआठात एकदा लागतं. म्हणजे नुसतं बरोबरीत सुटायला प्रत्येक वेळी लागल्यावर १६ बीबीहून जास्त मिळायला हवेत, आणि तुमच्या मागे उरलेत २२. समोरचा दर वेळी तेवढे देत नाही. १०० बीबी घेऊन कॅश (स्पर्धा नव्हे, थेट पैशांचा खेळ) खेळताना जे बरोबर ते इथे चूक. २० बीबीच्या आत आलात की छोटी जोडी एकतर ऑल-इन, नाहीतर फोल्ड.

आता खरोखरच शॉर्ट झालात, ८ ते १२ बीबी, त्याबद्दल. तुम्ही कितीही चांगलं खेळलात तरी ही वेळ येतेच, एखादा पॉट हरला की येते. इथे खेळ सोपा होतो: आपण पहिले असू तर ऑल-इन किंवा फोल्ड. नऊच्या टेबलावर पहिल्या जागेवरून, १० बीबीला, मी पंजीपासून वरच्या जोड्या, एक्का-दश्शी आणि वर, राजा-राणी, एकाच रंगाचे राजा-गुलाम, एवढे हात पुढे सरकवतो. दहा-अकरा टक्के झाले. बटणावर हे जवळजवळ एक तृतीयांशावर जातं: कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, राजा-नव्वी, एकाच रंगाचे राजा-पंजी, राणी-दश्शी, एकाच रंगाचे नव्वी-अठ्ठी. स्मॉल ब्लाइंडवरून, समोर एकटा बिग ब्लाइंड असेल तर निम्म्याहून जास्त हात. नवख्यांना हे ऐकून धडकी भरते, म्हणून त्यामागचा हिशेब सांगतो. १० बीबी म्हणजे २०,००० घालून तुम्ही ५,००० उचलू पाहताय. पत्त्यांना शून्य किंमत असती तर पाचातल्या चार वेळा सगळे फोल्ड व्हायला हवे होते. पण कॉल झाल्यावरही तुम्ही ३५ टक्के वेळा जिंकत असाल तर ४३,०००च्या पॉटमधले १५,००० सरासरीने परत येतात, तोटा फक्त ५,०००च्या आसपास. म्हणजे निम्म्या वेळा फोल्ड मिळालं तरी बरोबरी. मागे फक्त दोघं असताना ते निम्म्याहून जास्त वेळा मिळतंच.

हे लागू आहे तुम्ही पहिले असताना. दुसरा ऑल-इन गेल्यावर कॉल करायची वेळ आली की पट्टा आवळायचा, कारण आता कुणाला फोल्ड करायला लावण्याची सोय उरली नाही. ज्या राजा-गुलामाने मी बटणावरून आनंदाने ऑल-इन जाईन, तोच हात मधल्या जागेवरच्या ऑल-इनला मी टाकून देतो. एक्का-गुलाम निघाला तर चारातली एक संधी राहते.

५ बीबीच्या खाली एकच सूचना: बिग ब्लाइंड अंगावर येऊ देऊ नका. पुढच्याच हाताला ब्लाइंड आणि अँटी मिळून २ बीबी जाणार, ५चे ३ होणार. तेव्हा त्याआधीच्या दोन-तीन हातांत जरा बरं काही दिसलं, राणी-दश्शीसारखं, तर तेच घेऊन जा. ब्लाइंड पुरेसा नसेल तर आधी अँटी कापतात की ब्लाइंड, हे जागोजागी वेगळं असतं. स्पर्धा सुरू होण्याआधी फ्लोअरवरच्या माणसाला विचारून ठेवा. टेबलावरची माणसं कमी झाली का तेही बघा. सहा जणांच्या टेबलावर तोच अडीच बीबीचा खर्च नऊऐवजी सहा हातांत येतो.

इथे कुणीतरी हमखास १९८२च्या वर्ल्ड सिरीजमधल्या जॅक स्ट्रॉसची गोष्ट सांगतो. सगळं गेलं असं वाटून ते उठले, तेवढ्यात ५०० डॉलरची एकच चिप उरलेली सापडली, आणि त्यावरून त्यांनी मुख्य स्पर्धा जिंकली. तेव्हापासून 'एक चिप आणि एक खुर्ची' ही म्हण पोकरमध्ये रुळली. गोष्ट मला फार आवडते. ४ बीबी उरल्यावर ती जरूर आठवा, धीर येतो. पण २४ बीबी असताना 'शेवटची चिप असेपर्यंत आशा आहे' म्हणून बसून राहायला ती आधार नाही.

बबलकडे, म्हणजे बक्षिसाच्या यादीच्या अगदी तोंडाशी असलेल्या टप्प्याकडे वळतो, कारण तुमच्या तिन्ही स्पर्धा तिथेच संपल्या. इथे चिप्स आणि पैसे यांचं नातं बदलतं. सोपं उदाहरण घ्या. चार जण उरलेत, चौघांचे स्टॅक सारखे, बक्षिसं तिघांना: ५०, ३० आणि २० रुपये. प्रत्येकाच्या जागेची किंमत २५ रुपये. तुम्ही एकाला बाहेर काढून स्टॅक दुप्पट केलात तर तुमची किंमत ५० होते का? नाही. उरलेल्या तिघांत निम्म्या चिप्स तुमच्या, पण हिशेबाने किंमत येते ३८ रुपये ३३ पैसे. म्हणजे २५ पणाला लावून मिळणार फक्त सव्वातेरा जास्त. यासाठी ५० टक्के पुरत नाहीत, ६५ टक्के लागतात. आणि एक्का-राजा वेगवेगळ्या रंगांचे, अगदी डोळे मिटून काहीही खेळणाऱ्यासमोरसुद्धा, ६५ टक्केच जिंकतात. अशा जागी एक्का-राजाने कॉल करणं फार तर बरोबरीचा सौदा आहे.

हे मी पैसे देऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी मांडवीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर बबलला माझ्याकडे २१ बीबी होते, टेबलावर दोघं ३-३ बीबीवर तग धरून होते. मोठ्या स्टॅकने बटणावरून मला ऑल-इनला घातलं, माझ्याकडे एक्का-राणी. चिप्सच्या हिशेबाने कॉल बरोबर होता. मी केला, त्याची अठ्ठीची जोडी टिकली, आणि मी थांबलो असतो तर दहा मिनिटांत ते दोघं ३ बीबीवाले बाहेर गेले असते. रात्री दोन वाजता छोट्या होडीने जेटीकडे परतताना मी पहिल्यांदा हा हिशेब कागदावर केला.

म्हणजे बबलला मीडियम स्टॅकने गप्प बसायचं का? नाही, इथेच लोकांची गफलत होते. मोठ्या स्टॅकच्या ऑल-इनला कॉल करण्यात आवळून राहायचं. पण जे आपल्याइतकेच आहेत, त्यांनाही तुमच्या ऑल-इनला कॉल करायला ६०-६५ टक्के लागताहेत. त्यांच्यावर दबाव तुम्ही टाकायचा. मोठा स्टॅक फोल्ड झाला आणि मागे दोन मीडियम उरले की ती माझी सगळ्यात आवडती जागा. उलट ३ बीबीवाल्याला गमावण्यासारखं थोडं आहे, तो कॉल करेल, त्याच्यावर पोकळ दबाव टाकण्यात अर्थ नाही.

सॅटेलाइट, म्हणजे मोठ्या स्पर्धेचा प्रवेश हेच बक्षीस असलेली स्पर्धा, मात्र निराळा प्रकार. तिथे दहा जागा असतील तर पहिल्याला आणि दहाव्याला बक्षीस एकच. अकरा उरलेत आणि तुमचा स्टॅक सुरक्षित आहे, तर एक्क्यांची जोडीसुद्धा फोल्ड करायची वेळ येऊ शकते. सॅटेलाइटमध्ये लागलेली ही सवय नेहमीच्या स्पर्धेत घेऊन येऊ नका. तुमच्या लिहिण्यावरून मला शंका येते की तसंच काही झालंय. नेहमीच्या स्पर्धेत यादीतलं शेवटचं बक्षीस प्रवेश फीच्या दीड-दोन पट असतं. त्यातून पणजीचा प्रवास आणि राहणं वजा करा, जिंकलेल्या रकमेवरचा ३० टक्के प्राप्तिकर धरा. हातात फारसं काही उरत नाही. खरे पैसे वरच्या तीन-चार जागांत आहेत, आणि तिथे ३ बीबी घेऊन क्वचितच पोचता येतं.

सरावाचं विचारलं आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशाची ऑनलाइन टेबलं बंद झाली. आमच्या पिढीला १० बीबीची परिस्थिती आठवड्यात शेकडो वेळा स्क्रीनवर यायची, हात आपोआप बसायचा. तुम्हाला ती वर्षात वीस-तीस वेळा येणार. म्हणून ती घरी तयार करा. मित्रांबरोबर पैसे न लावता बसा, सगळ्यांना १२-१२ बीबी द्या, एक जण बाहेर पडला की पुन्हा वाटा. प्रत्येक ऑल-इननंतर पत्ते उघडून कॉलला किती टक्के लागत होते ते वहीत मांडा. दोन रविवारांत धडकी जाते. ऑल-इन-फोल्डचे तक्ते मोफत मिळतात, ते पाठ करण्याआधी वरचे दोन हिशेब स्वतः एकदा करा, नाहीतर तक्ता समोर नसताना काही आठवत नाही.

आता तुमची एक्का-नव्वी. बटणावर, ९ बीबी, आधी सगळे फोल्ड, मागे दोघं. बबलला तीन माणसं उरलेली असली तरी मी तो हात ऑल-इन जातो, पुढच्या वेळीही जाईन. मोठ्या स्टॅकचा राजा-गुलामावरचा कॉलही ठीक होता. पत्ते उघडले तेव्हा तुम्ही ५७ टक्क्यांच्या आसपास पुढे होतात, म्हणजे दहातल्या चार वेळा जे व्हायचं ते झालं. मला चिंता त्याआधीच्या दोन लेव्हलची आहे. जे २६ हात तुम्ही शिस्तीने टाकलेत, त्यातले कटऑफ, बटण आणि स्मॉल ब्लाइंडवरचे आठवतील तेवढे इथेच लिहा: पत्ते कोणते होते, आधी कुणी उघडलं होतं का, डाव्या हाताला कुणाचा किती स्टॅक होता. तसे आठ-नऊ हात असायला हवेत. आपण ते एकेक करून बघू.